सारभातावर संपणारं जेवण

रक्त तपासण्याच्या कामात माझा जन्म गेला, आणि त्या जन्मात मी जितकी भांडले त्यातली निम्मी भांडणं बर्फावरून झाली. नळीत पडलेलं रक्त गप्प बसतं असा लोकांचा समज असतो. ते गप्प बसत नाही. त्यातल्या तांबड्या पेशी जिवंत असतात, आपलं काम चालू ठेवतात आणि त्या कामातून निघालेला माल बाहेर टाकत राहतात. पुष्कळ तपासण्यांचं त्यानं फारसं बिघडत नाही. होमोसिस्टीन नावाच्या तपासणीचं मात्र बघता बघता वाटोळं होतं. म्हणून ती नळी भरल्या भरल्या बर्फात ठेवायची आणि होईल तितक्या लवकर यंत्रात गरगर फिरवून पेशी खाली बसवायच्या, वरचं पिवळं पाणी काढून घ्यायचं. एवढं केलं नाही तर धडधाकट माणसाचा आकडाही त्याची झोप उडावी इतका चढतो.

आमच्या प्रयोगशाळेचं एक केंद्र पापनाशमला होतं. तिथल्या नळ्या दुपारच्या बसनं तंजावरला यायच्या. थर्मासात बर्फ भरून पाठवा, ही माझी ताकीद. ते लोक कोपऱ्यावरच्या सरबतवाल्याकडून बर्फ आणत, थर्मास कंडक्टरच्या हवाली करत, आणि कंडक्टर तो इंजिनाशेजारच्या उबदार जागेत ठेवायचा, कारण तिथं तो कलंडत नाही. माझ्या टेबलावर येईपर्यंत आत कोमट पाणी. मी ते सगळं फेकून द्यायची, रक्त पुन्हा काढायला लावायची आणि फोनवर तमिळमध्ये जे बोलायची ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही. पापनाशमला मला 'ऐस अम्मा', म्हणजे बर्फवाली बाई, म्हणत. मी निवृत्त झाले तेव्हा तिथल्या लोकांनी मला भेट दिली ती थर्मासची.

मी राजवाड्यामागच्या गल्लीतली. आमचे पूर्वज मराठी राजांच्या मागून इकडे आले आणि इथलेच झाले. घरात आम्ही बोलतो ती मराठी महाराष्ट्रातल्या माणसाला निम्मी कळते आणि निम्मी तमिळ वाटते. शिक्षणासाठी दोन वर्षं पुण्यात होते. वसतिगृहातल्या मुली मी 'सगळं'ला 'अस्की' आणि 'छान'ला 'बेस' म्हटलं की खुदुखुदु हसायच्या. त्यांच्यावर चिडून मी पुस्तकी मराठी शिकले, आणि चिडून शिकलेलं माणूस विसरत नाही. ज्यांच्याविषयी आज लिहिते आहे त्यांना मराठी बोलता येते, देवनागरी वाचता येत नाही. अंक आला की मीच त्यांना वाचून दाखवणार आहे. लिहायला त्यांची ना नाही, नावं तेवढी मी बदलली आहेत.

आता होमोसिस्टीन म्हणजे काय ते सांगते. आपण डाळ खातो, दूध पितो. त्यातली प्रथिनं शरीर वापरतं आणि वापरताना मध्येच हा एक पदार्थ तयार होतो. तयार झाला की त्याची लगेच विल्हेवाट लागायला हवी. घरात जेवणं चालू असताना खरकटी भांडी निघत राहतात, तसं समजा. घासणाऱ्या दोघीजणी असल्या की तीच भांडी पुन्हा वापरात येतात. त्यातली एक म्हणजे फोलेट, ते पालेभाजीतून मिळतं. दुसरी म्हणजे बी-बारा नावाचं जीवनसत्त्व, आणि ते शाकाहारी माणसाला दूध, दही, ताक सोडून जवळजवळ कुठूनच मिळत नाही. दोघींपैकी एकीनं जरी दांडी मारली तरी मोरीत ढीग साठतो. रक्तातला हा ढीग फार वाढला तर रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर खराब होतं, रक्त गोठण्याकडे कल वाढतो, आणि अशी एखादी गुठळी मेंदूकडे जाणाऱ्या वाहिनीत अडकली की पक्षाघाताचा झटका येतो.

यात जनुकांचा भाग असा, की फोलेटला कामाला जुंपणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, शरीरात बनतं आणि ते कसं बनवायचं याची कृती आपल्याला दोन प्रतींत मिळते, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. काही जणांच्या कृतीत एका अक्षराचा फरक असतो. त्यांचं विकर मंद चालतं. दोन्ही प्रती तशा असल्या तर चांगलंच मंद चालतं. हा रोग नव्हे. अशी माणसं तुमच्या-आमच्यात पुष्कळ आहेत, पालेभाजी आणि दूधदुभतं खाऊन सुखानं म्हातारी होतात. मंद माणूसही काम उरकतो, त्याला साथ मात्र नीट मिळाली पाहिजे.

हे मी इतकं घोळून घोळून सांगते त्याला कारण आहे. हल्ली लोक नळीत थुंकी भरून कुठंतरी पाठवतात आणि जनुकांचा अहवाल मोबाइलवर मागवतात. कालव्याकाठच्या एका खेड्यातले एक गृहस्थ एकदा मोपेडवरून आले. मुलीचं लग्न मामाच्या मुलाशी ठरवत होते. आमच्याकडे ती रीतच आहे. त्यांनी मुलीचा आणि मुलाचा असे दोन अहवाल माझ्यासमोर शेजारी शेजारी मांडले आणि विचारलं की दहापैकी किती जुळतात. इथं पत्रिकेत दहा गोष्टी जुळवून पाहतात, तोच हिशेब त्यांनी इथं लावला होता. मी म्हटलं, यात मंगळ नाही, दोघांनाही थोडा मंद शनी आहे आणि त्याची शांत पालेभाजीनं होते. त्यांनी गंभीरपणे विचारलं, कोणत्या वारी. मी म्हटलं, रोज. ते समाधानानं गेले. लग्न झालं, आणि त्यांच्या घरून मला अजून मुळ्याचा पाला येतो.

हसू येतं, पण त्या गृहस्थांची भीती खोटी नव्हती. घराण्यातून काहीतरी वाईट उतरत येतं या धास्तीनं माणसं काय काय करतात ते मी सेतुरावच्या घरी पाहिलं.

सेतुराव आमच्याच गल्लीतला, वय चाळिशीच्या आत, पापनाशमच्या शाळेत गणित शिकवतो. त्याची आई यमुनाक्का माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी. त्या घरातले पुरुष पन्नाशी ओलांडत नाहीत, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. आजोबा पूजा करता करता ताम्हनावर कलंडले. वडील एका लग्नाच्या पंगतीत. दोघांनाही पक्षाघात. यमुनाक्का नवरा गेला त्या दिवसापासून मुलाच्या वयाकडे डोळे लावून बसलेली. सेतुरावनं लग्न केलं नाही. आपण पन्नाशीत जाणार, मग दुसऱ्याची मुलगी कशाला अडकवायची, असं तो हसत हसत म्हणायचा, आणि ते ऐकून कुणी हसत नसे.

त्यानं पन्नाशीची वाट पाहिली नाही. एका सकाळी वर्गात फळ्यावर लिहिताना त्याच्या हातातला खडू गळून पडला. उचलायला वाकला तर बोटं खडूभोवती मिटेनात. मुलांना काही सांगू गेला तर शब्द तोंडातल्या तोंडात घोळला. शाळेतल्यांनी वेळ न घालवता त्याला तंजावरला आणलं म्हणून वाचला. गुठळी लहान होती. हात हळूहळू परत आला, बोलणंही आलं, थोडं संथ. पण डॉक्टरांना उलगडा होईना. रक्तदाब नाही, साखर नाही, तंबाखू नाही, आणि इतक्या तरुण वयात झटका. मग त्यांनी ज्या तपासण्या लिहून दिल्या त्यात होमोसिस्टीन होतं.

तो शाळेत पुन्हा जायला लागला होता म्हणून रक्त पापनाशमलाच दिलं. नळी माझ्याकडे आली आणि यंत्रानं हात टेकले. त्या यंत्राला एका मर्यादेपुढचं वाचता येत नाही. मी अर्थातच फोन उचलला आणि बर्फावरून तोंडाचा पट्टा सोडला. तिथल्या बाईंनी या खेपेला उलट ऐकवलं, की बर्फ इतका घातला होता की थर्मासाचं झाकण लागत नव्हतं. माझा विश्वास बसला नाही. सेतुरावला प्रयोगशाळेत बोलावलं, रक्त स्वतः काढलं, बर्फ स्वतः घातला, नमुना पातळ करून लावला आणि आलेला आकडा गुणून पाहिला. पंधराच्या आत असायला हवा तो शंभराच्या पलीकडे होता. बी-बारा जवळजवळ नाहीच. पुढं जनुकांचा अहवाल आला, दोन्ही प्रती मंद.

त्या मंद प्रतींचं मला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते बी-बाराचं. आमच्या तंजावरच्या मराठी घरात माणूस उपाशी राहील, पण दह्यावाचून राहणार नाही. तान्ह्या पोराच्या पहिल्या घासांत दहीभात असतो आणि म्हाताऱ्याच्या शेवटच्या घासांतही तोच. जनुकांच्या तपासणीसाठी रक्त देऊन सेतुराव हातावर कापूस दाबून बसला होता, तेव्हा मी सहज विचारलं की रात्री काय जेवलास. भाजी, कूट, सारभात, तो म्हणाला. कूट म्हणजे डाळीत शिजवलेली भाजी, आणि सार म्हणजे ज्याला इथं बाकीचे रसम म्हणतात ते. मी विचारलं, आणि मग?

"मग हात धुतों, मावशी."

तंजावरचा मुलगा, आणि जेवण सारभातावर संपतं. खोदून विचारलं तेव्हा गयेची गोष्ट बाहेर आली.

आमच्यात काशी-गयेला जाऊन आलेला माणूस गयेच्या वडाखाली काहीतरी सोडून येतो. एक फळ, एक भाजी. ते पुन्हा आयुष्यात खायचं नाही. बहुतेक लोक हुशारीनं कारलं सोडतात, माझ्या काकांनी तर कधी पाहिलाही नव्हता तो ड्रॅगन फ्रूट सोडला. यमुनाक्काला असली लबाडी मान्य नव्हती. नवरा गेल्यावर काही वर्षांनी ती मुलाला घेऊन गयेला गेली, पितरांचं केलं आणि मुलाला म्हणाली, तुला सगळ्यांत जे आवडतं ते दे, म्हणजे देव तुला सोडेल. त्याला सगळ्यांत आवडायचं दही. त्यानं दही सोडलं, दह्याबरोबर दूध आणि ताकही सोडलं, म्हणजे शंका नको. तेव्हापासून कॉफीही काळी. बी-बाराचा साठा यकृतात असतो, तो काही वर्षं पुरतो. त्याचा पुरून संपला होता.

म्हणजे ज्या भीतीनं नवस केला ती गोष्ट नवसानंच जवळ ओढून आणली होती. हे कळल्यावर मला आधी राग आला, कुणाचा ते नीट सांगता येत नाही. सेतुरावच्या डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला आणि त्याच दिवशी बी-बाराची इंजेक्शनं आणि फोलेटच्या गोळ्या सुरू केल्या. काही आठवड्यांत आकडा असा उतरला की पाहून समाधान वाटावं.

एक गोष्ट इथं प्रामाणिकपणे सांगायला हवी. आकडा उतरवता येतो, हे पक्कं आहे. तो उतरवला की पक्षाघात टळतोच, असं छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही. या प्रश्नावर आमच्या क्षेत्रात मोठमोठी माणसं वाद घालत आली आहेत. थोडासा वाढलेला आकडा औषधानं उतरवून फार काही हाती लागत नाही, असं पुष्कळदा दिसलं आहे. सेतुरावसारखा आकडा असेल तर उपचार करायचेच, याविषयी मात्र दुमत नाही. जन्मभर आकडे काढून मला एवढंच कळलं, की आकडा हा सांगावा असतो. निकाल नसतो.

सेतुरावनं माझ्याकडून एक कबूल करून घेतलं. आईला यातलं काही सांगायचं नाही. "इंजेक्शन घेतों, अस्की बेस आहे. दही खायचीही गरज नाहीं म्हणतां. मग अम्मास कां दुखवायचं?" त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. रक्त त्याचं, गोष्ट त्याची. मला लपवाछपवी सोसत नाही, पण मी गप्प बसले.

मग एका सकाळी यमुनाक्का माझ्या घरी प्रसाद घेऊन आली. भिंतीला हात लावत, जपून पावलं टाकत आली. पायऱ्या चढताना मी हात दिला. प्रसाद हातावर ठेवून म्हणाली, "देवानं ऐकलं, सरोजा. आजा गेला, बाप गेला, हा राहिला. तें दही सोडलं म्हणून." मग तिनं पुढचं सांगितलं. तिची मुलगी जानकी, सेतुरावची धाकटी बहीण, लग्न होऊन दोन वर्षं झालेली. दिवस राहावेत म्हणून डोळे लावून बसलेली. येत्या महिन्यात यमुनाक्का तिला गयेला नेणार होती. जानकीनंही दूध-दही सोडायचं, म्हणजे तिच्या पोटी येणारे मुलगे पन्नाशीत जाणार नाहीत. तिकिटं काढून झाली होती.

ज्या बाईला मूल हवं आहे तिच्या अंगात बी-बारा आणि फोलेट नसेल तर पोटातल्या बाळाच्या पाठीचा कणा नीट घडत नाही, असा धोका असतो. त्यातून जानकीचं लग्न मामाच्याच मुलाशी, यमुनाक्काच्या भावाच्या मुलाशी झालेलं. मी हातातला प्रसाद तसाच धरून बसले होते.

त्या संध्याकाळी सेतुरावला गाठलं. तो म्हणाला, जानकीला आपण गुपचूप गोळ्या देऊ. मी म्हटलं, आणि जानकीच्या मुलीला? तिलाही एक दिवस गयेला नेतील, तेव्हा गोळ्या कोण देणार, मी? अम्मा खचेल, एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. माझा आवाज चढला.

"तुज एकट्याचं असतं तर मीं बोललें नसतें. जानकीचं तूं कोण ठरवणारा?"

शेवटी तो म्हणाला की सांगायचंच तर मावशी, तुम्ही सांगा, मी शेजारी बसतो. माझ्या तोंडून शब्द नीट निघणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. यमुनाक्का स्वयंपाकघरात विळीवर घेवड्याच्या शेंगा चिरत बसली होती. मी समोर जमिनीवर बसले, सेतुराव दाराशी. मी घासायच्या भांड्यांपासून सुरुवात केली, दोघी कामवाल्या सांगितल्या, मंद विकर सांगितलं, दोन प्रती सांगितल्या. मग दही कुठं येतं ते सांगितलं. ती ऐकत होती आणि तिचा हात थांबत नव्हता. माझं संपल्यावर तिनं विचारलं, म्हणजे मीच केलं का हे. मी म्हटलं, झटका तेवढ्यानंच आला असं मला सांगता येणार नाही, पण दही सोडल्यानं त्यात भर पडली हे खरं. तिनं विचारलं, आणि याच्या वडिलांचं? मी म्हटलं, त्यांचं रक्त कुणी पाहिलं नव्हतं, अक्का. तेव्हा ही तपासणीच इथं नव्हती.

आता हात थांबला. माझा अंदाज होता की ती रडेल, किंवा मला उठून जायला सांगेल. ती विचार करत होती.

"दोन म्हणालीस," ती म्हणाली. "एक त्यांच्या घरचं. दुसरं कोणाचं?"

मी सेतुरावकडे पाहिलं. त्यानं मान वळवली.

"तुमचं, अक्का."

त्या घरात सून म्हणून आल्यापासून तिनं एकच धरलं होतं, की ही पीडा सासरची आहे. सासूला ती तोंडावर तसं बोलली होती, आणि सासू मरेपर्यंत दोघींत ते राहिलं होतं. माहेरचं रक्त स्वच्छ म्हणून तर मुलगी भावाच्या घरी दिली. हे सगळं मला ठाऊक होतं, तरी तो शब्द मला उच्चारावा लागला. यमुनाक्कानं विळी मिटली, शेंगांचं ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, "माझं रक्त काढ."

मला वाटलं, तिला पुरावा हवा आहे. म्हटलं, काढते, त्यात काय. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उपाशीपोटी आली, मी शीर शोधली, नळी बर्फात घातली. जनुकांची तपासणी केलीच नाही, मुलाच्या अहवालावरून जे कळायचं ते कळलं होतं. होमोसिस्टीन आणि बी-बारा तेवढं लावलं. यंत्रानं पुन्हा हात टेकले. पातळ करून लावलं. मुलाचा पहिला आकडा जिथं होता, जवळजवळ तिथंच आईचा.

मी आकड्याकडे पाहत राहिले. बर्फावर संशय घ्यायला या खेपेला जागा नव्हती. तशीच उठून तिच्या घरी गेले आणि विचारलं, अक्का, तुम्ही दही कधी सोडलंत? तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी काहीतरी वेड्यासारखं विचारते आहे.

"पोरास सोडवून मीं कशी खाऊं?"

गयेच्या त्या वडाखाली मुलानं सोडलं, त्याच वेळी तिनंही मनातल्या मनात सोडलं होतं. कुणाला सांगितलं नाही. ती घरात सगळ्यांच्या शेवटी जेवायची, एकटी, त्यामुळे कुणाला दिसलं नाही. सेतुरावला दिसलं नाही, जानकीला दिसलं नाही, आणि भिंत धरत चालणारी बाई रोज माझ्या दारावरून जायची तरी मी ते वयावर घातलं. पायांखाली कापूस असल्यासारखं वाटतं, असं तिनं त्या दिवशी सांगितलं. बी-बारा नसलं की नसांना तसं होतं. मला तिथंच रडू आलं. रक्त तपासणाऱ्या बाईनं रुग्णाच्या घरी रडू नये, पण आलं खरं. तीच मला पाणी आणून द्यायला लागली.

जानकीची तिकिटं रद्द झाली. तिचं रक्त पाहिलं, तिला गोळ्या सुरू केल्या, आणि ते सगळं आईच्या समोर झालं. यमुनाक्कालाही इंजेक्शनं सुरू झाली. सुरुवातीला एक दिवसाआड, मग आठवड्याला. पायांतला कापूस पूर्ण जाईल की नाही हे मी तिला सांगितलं नाही, कारण मला ठाऊक नव्हतं. अजून नाही. उशीर झाला की नसा सगळं परत देत नाहीत, एवढं मात्र ठाऊक आहे, आणि माझ्या मनात सलतं ते हेच. आमच्या कामात आम्ही नळीतल्या रक्ताची इतकी काळजी घेतो, ते कोमट होऊ नये म्हणून बसवाल्यांशी भांडतो. ते ज्या माणसाचं आहे तो कुणाबरोबर जेवतो, कशावर जेवण संपवतो, हे विचारायची जागा आमच्या कामात कुठंच नाही.

त्यानंतर थोड्या दिवसांनी त्यांनी मला जेवायला बोलावलं. चिंचेच्या कोळातली आंबटभाजी होती, घेवड्याची भाजी होती. सेतुराव आणि मी पानावर बसलो, यमुनाक्का वाढत होती. माझ्यासाठी म्हणून तिनं दह्याची वाटी आणली. औषधाच्या दृष्टीनं त्या घरात आता कुणालाच दह्याची गरज नव्हती, ते मी आधीच सांगून ठेवलं होतं. सारभात संपला. सेतुराव हात धुवायला उठेल अशा बेतानं मी थोडी सरकले. तो उठला नाही. त्यानं पानावर थोडा भात मागून घेतला आणि म्हणाला, अम्मा, दही वाढ.

ती वाटी हातात घेऊन उभी राहिली. ते देवाला दिलेलं आहे, एवढंच म्हणाली.

"तूं वाढ. पाप लागलं तर मज लागूं दे."

तिनं त्याच्या भातावर दही घातलं. मग भिंत धरून आत गेली, एक केळीचं पान घेऊन आली, मुलाच्या पानाशेजारी मांडलं, त्यावर भात घेतला आणि उरलेलं दही त्यावर ओतलं. हे सगळं तिनं सावकाश केलं, कारण तिला सावकाशच करता येतं. बसता बसता ती मुलाला म्हणाली, "अस्की तूं कां घेतोस? अर्धं माझं आहे."